चाळीस दिवसांचा उपास
(रविवार, ९ मार्च २०२५ रोजी १९८५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवणाचा बेत ठरत होता, तेव्हा कुणीतरी मला विचारलं, "तुमचा तो चाळीस दिवसांचा उपास सुरू झाला असेल ना? मग तुझं काय करायचं?" मी लिहिलं, "रविवारी चालतं." त्यावर तीन जणांनी विचारलं, रविवारी का चालतं? मग आयोजकांनी फर्मान काढलं की, हे सगळं नीट समजावून सांगायला पंधरा मिनिटं घे. म्हणून उभा आहे. वर्गात मी आपणहून कधी हात वर केला नाही, हे बाईंना आठवत असेल.

आधी हिशेब सांगून टाकतो. यंदा राखेचा बुधवार ५ मार्चला झाला आणि ईस्टर २० एप्रिलला आहे. मधले दिवस मोजले तर सेहेचाळीस भरतात. त्यातले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. उरले चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. बुधवारी कपाळाला राख लावतात. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या वाळवून, जाळून ती राख केलेली असते. या काळात वेदीवर फुलं नसतात, धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी असतात आणि 'आलेलुया' गायचं नसतं. नियमाने कडक उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं. शुक्रवारी मांस वर्ज्य. वयाची एकोणसाठ पूर्ण झाली की उपासातून सूट मिळते, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांची आता तीनेक वर्षंच राहिलीत. बाकी कुणी चहा सोडतो, कुणी दारू, आमच्या घरात तर इंद्यालाचं भांडंच माळ्यावर जातं. हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ही झाली माहिती. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

आपण आठवीत होतो, १९८२-८३. त्या वर्षी रोजे जूनच्या शेवटी सुरू झाले होते. चांद्रवर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, म्हणून यंदा रमजान आणि आमचा उपवासकाळ बरोबर चालले आहेत. यंदा तर २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र, २ मार्चला पहिला रोजा, ५ला आमची राख आणि उद्या एकादशी. आज या सभागृहात नक्की कोण कोण जेवणार आहे, याची केटररला काळजी पडली असणार. तर तेव्हा पावसाळ्यात माझ्या बाकावरचा मित्र मधल्या सुट्टीत नळाकडे यायचाच नाही. खो-खो मात्र खेळायचा. त्याचे रोजे आहेत हे आम्हाला आठवड्याने कळलं, तेही त्याच्या धाकट्या भावाकडून. तो आज इथे आहे. खाली मान घालू नकोस, तुझी स्तुतीच चालली आहे.

त्याचं पाहून मला जोर चढला. फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला, तेव्हा मी कपाळावरची राख न पुसता वर्गात आलो आणि जाहीर केलं की, ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी मी संध्याकाळपर्यंत काहीही खाणार नाही. तेरा वर्षांच्या मुलाला चर्चचा उपास लागूच नसतो, पण ते मी कशाला सांगतोय! तुम्ही सगळे चकित झालात. दोन मुलींनी 'पाणी तरी पितोस ना?' अशी चौकशी केली. आयुष्यात पहिल्यांदाच मुलींनी माझी चौकशी केली होती. दुसऱ्याच शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या गल्लीत वडापाव खाताना बाईंना सापडलो.

बाई रागावल्या नाहीत. त्या मला एवढंच म्हणाल्या, "भूक लागली तर खावं. पण उपास आहे असं सगळ्यांना सांगितलंस कशाला?" आणि निघून गेल्या. वर्गात कुणाला बोलल्या नाहीत. म्हणून आज बेचाळीस वर्षांनी मीच ते जाहीर करतोय. त्या दोन मुलींची मी माफी मागतो.

पुढे मोठा झाल्यावर मत्तयच्या शुभवर्तमानात तेच वाचलं. उपास करताना तोंड उतरवून फिरू नका, उलट डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळणार नाही, असं येशू सांगतो. मला वाटलं, बाईंनी तेच सांगितलं होतं. आता आपल्याला कळलं. पण अजून कळलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्या दादाला ओळखतात. आपल्या पुढे चार वर्षं होता, शाळेच्या कबड्डीच्या संघात. बाबा २००९ साली गेले. आमची वाडी तुम्ही पाहिली आहे, सहलीला न जाता आपण तिथेच जमायचो. केळी, पानवेली आणि मधोमध बावखल. वाडीची वाटणी झाली आणि बावखलाच्या काठच्या पाच-सहा हात जमिनीवरून आमचं बिनसलं. वसईत हे नवीन नाही. जमिनीला भाव आले आणि घरोघरी हेच झालं. दादाचं म्हणणं होतं, पाण्याची वाट त्याच्या बाजूने आहे. माझं म्हणणं होतं, ती दोघांची आहे. कोण बरोबर होतं ते इथे सांगत नाही, कारण मी सांगितलं तर मीच बरोबर निघेन. २०११ला प्रकरण कोर्टात गेलं. बोलणं बंद. आई होती तोवर ती दोन्हीकडे जेवायची. ती गेल्यावर तेही थांबलं.

या सगळ्या वर्षांत माझे उपवासकाळ मात्र एकदम कडक होते. दारू बंद, मासळी-मटण बंद, रोज सकाळी मिस्सा. उपासातून वाचलेले पैसे मी गरिबांसाठी डब्यात टाकत होतो, आणि तो डबा दर वर्षी जड व्हायचा. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या आळीत क्रूसाची वाट असते. चौदा स्थानकं असतात. चौदा घरांपुढे टेबल मांडतात, त्यावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. लोक प्रार्थना म्हणत एका दारावरून दुसऱ्या दारी जातात. पुस्तक वाचायचा मान माझ्याकडे होता. माझा आवाज बरा आहे, असं लोक म्हणतात.

२०१९ साली पाचवं स्थानक दादाच्या दारात आलं. पाचवं स्थानक म्हणजे येशूला क्रूस पेलवेना, तेव्हा शेतावरून येणाऱ्या शिमोन नावाच्या एका परक्या माणसाला शिपाई धरतात आणि क्रूस उचलायला लावतात. चौथ्या स्थानकापाशीच मी घसा धरला. शेजारच्या पोराला पुस्तक दिलं, वाच म्हटलं, आणि गर्दीच्या मागे जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. दादा दारातच उभा होता, हातात मेणबत्ती घेऊन. वहिनी गुडघ्यावर होती. सहाव्या स्थानकाला मी पुस्तक परत घेतलं.

घरी आल्यावर माझी मुलगी, तेव्हा ती नववीत होती, म्हणाली, "पप्पा, तुमचा घसा लगेच कसा बरा झाला?"

बाई, तुमचा तोच प्रश्न होता. फक्त पोरीचा आवाज होता.

त्या रात्री मी जेवलो नाही, आणि तो काही उपास नव्हता. मत्तयमध्येच आणखी एक गोष्ट आहे, जी मी चर्चमध्ये भर वेदीवरून कितीदा वाचली होती. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. नीट ऐका हं. तुझ्या मनात भावाविषयी काही आहे, असं नाही म्हटलेलं. भावाच्या मनात तुझ्याविषयी. म्हणजे चूक कोणाची, हा मुद्दा तिथे येतच नाही. इतकी वर्षं वाचून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वकिलाला विचारलं असतं तर त्याने लगेच दाखवलं असतं.

पवित्र गुरुवारी मी दादाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. त्या संध्याकाळी चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. माझा नंबर त्या बारांत होता. मी गेलो नाही, आजारी असल्याचं कळवलं. आणखी एक खोटं. गुड फ्रायडेला पुन्हा गेलो, फाटकाला कुलूप होतं. शनिवारी सकाळी दादा केळींना पाणी घालत होता. मला बघून म्हणाला, "काय पाहिजे?" मी म्हटलं, "काही नाही." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं होतं, तो म्हणाला, "पाइप धर जरा." मी धरला.

तुम्हाला वाटत असेल, मग गळाभेट झाली असेल. नाही झाली. आमच्याकडे तशी पद्धतही नाही. वहिनीने चहा दिला. चहा मी त्या वर्षी सोडला होता. प्यायलो.

कोर्टातला दावा अजून आहे. त्यात आता इतके कागद झाले आहेत की, तो मागे घेणंही सोपं राहिलेलं नाही. पण तारखेला आम्ही दोघे एकाच रिक्षातून जातो. परतताना पैसे कोण देणार यावरून भांडतो, ते भांडण बरं वाटतं. गेल्या तारखेला दोघांच्या वकिलांनी आम्हाला कँटीनमध्ये एका टेबलावर पाहिलं आणि दोघांचेही चेहरे पडले.

आज सकाळच्या मिस्सेत लूकच्या शुभवर्तमानातलं वाचन होतं, रानातल्या त्या चाळीस दिवसांचं. सैतान शेवटी येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि सांगतो, इथून खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. लहानपणी मला वाटायचं, यात मोह कसला? दगडाची भाकरी करण्याचा मोह समजतो, भूक लागलेली असते. आता वाटतं, तिन्हींत मला हाच जवळचा आहे. खाली चौकात लोक जमलेले असणार ना, उडी बघायला.

बरं, पंधरा मिनिटं केव्हाच झाली. माझ्या बाकावरच्या मित्राचा रोजा सुटायला अजून अवकाश आहे, त्याच्यासाठी खजूर बाजूला ठेवलेले आहेत, कृपया कुणी हात लावू नये. आणि मागच्या टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेली मोठी पुडी आहे, ती सुकेळी आहेत. राजेळी केळ्यांची, बावखलाच्या काठची. मी इथे येणार म्हणून वहिनीने काल बांधून दिली. दादा म्हणाला, कबड्डीवाल्या सरांना दोन जास्त दे.