आजीच्या हातावरचं रान

तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खांद्यापासून मनगटापर्यंत टॅटू काढून घ्यायचा आहे. डोंगर, झाडं, पाखरं, वाघ. प्रमुख पाहुणे हा विषय टाळतील असं वाटलं असेल, पण मी त्यावरच बोलणार आहे.

एवढं मोठं चित्र एका बैठकीत होत नाही. एक भाग काढायचा, कातडी बरी होऊ द्यायची, मग पुढचा. विजेवरच्या टॅटू यंत्राचं पेटंट सॅम्युअल ओ'रायलीनं न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली घेतलं. पण टप्प्याटप्प्यानं अंगावर चित्र वाढवत नेण्याची रीत आपल्या शेजारच्या बालाघाट-मंडल्याच्या बैगा आदिवासी बायांमध्ये फार जुनी आहे. लहानपणी कपाळ, पुढे वय वाढेल तशी पाठ, हात, पाय. छाती बहुधा लग्नानंतर. गोदना, म्हणजे गोंदण, काढायचा तो थंडीत, कारण पावसाळ्यात जखम चिघळते. रामतिळाच्या तेलाची काजळी आणि एकत्र बांधलेल्या सुया, एवढंच सामान.

आपल्या गोंड वस्त्यांतही ही कला होती. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात गोंदणाऱ्या ओझा बायांची नोंद आहे. मोर, विंचू, मासा, झाड हे त्या गोंदत. गोंडांच्या कुळांनी आपापले प्राणी, पक्षी, झाडं जपण्याचा नेम पाळला. अशा समाजात अंगावर रान उमटणं स्वाभाविकच होतं. दागिना चोरीला जातो, गोदना मेल्यावरही सोबत येतो, ही त्यामागची श्रद्धा.

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात गोंडांच्या कचारगडच्या जत्रेला जाल तेव्हा म्हाताऱ्या बायांचे हात पाहा. मला याचं फार वाईट वाटतं की गोंदलेल्या मुलींना शहरात ‘जंगली’ म्हणून हिणवलं गेलं, आणि त्यांनी आपल्या लेकींना गोंदू दिलं नाही. आज तशाच चित्रासाठी नातवंडं स्टुडिओत हजारो रुपये मोजतात आणि आजी मात्र हात पदराखाली घेते. हा अन्याय आहे.

टॅटू काढायचाच असेल तर अठरा वर्षं पूर्ण होऊ द्या. सुई नवी, तुमच्यासमोर फोडलेली हवी. काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका खरा आहे. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. आणि पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांनो, हे नीट ऐका. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला. खांद्यावरच्या चित्रानं उमेदवारी जाऊ शकते. आदिवासी प्रथेनं गोंदलेल्यांचा विचार वेगळा होतो, तरीही नियम आधी वाचा.

चित्र कोणतं, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर परदेशी लांडग्यापेक्षा आपल्या धानाच्या बांधीत घरटं करणारा सारस निवडा, मोहाचं झाड निवडा, नागझिऱ्याचं रान निवडा.

त्याआधी एक काम करा. येत्या सुट्टीत आजीजवळ बसा. तिच्या हातावरची प्रत्येक खूण वहीत उतरवून घ्या. ती कोणी गोंदली, कोणत्या वयात, त्या खुणेचं नाव काय, हे आजीच्याच शब्दांत लिहा. वह्या शाळेत आणून द्या. गुरुजनांना माझी विनंती आहे, त्या ग्रंथालयात जपून ठेवा.