वाढत्या वयात वजन वाढणारच

(नाशिकमध्ये खेळणारी मुलंमुली आणि त्यांच्या पालकांसमोर केलेलं भाषण)



कविता राऊत इथे सगळ्यांना माहीत आहे. सावरपाड्याच्या या मुलीने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. मागून संजीवनी जाधव आली. नाशिकच्या मैदानावर मुलींनी पळणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीही येतात, पण बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की त्यातल्या बऱ्याच दिसेनाशा होतात. पडदा, लोक काय म्हणतील, यावर आपण नेहमी बोलतो. आज वजनाबद्दल बोलू.

मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. पाठोपाठ वजन वाढतं. मुलींच्या अंगावर चरबी येते, कंबर रुंदावते, आणि काही महिने धावण्याची वेळ सुधारत नाही, कधी मागेही जाते. प्रशिक्षक म्हणतात, वजन उतरव. घरचे म्हणतात, आता मैदान बस झालं. पण शरीर बिघडलेलं नसतं, बांधकाम चालू असतं. वाढीच्या ऐन भरातल्या दोन वर्षांत हाडांतल्या एकूण खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. तेव्हाच जेवण तोडलं तर पुढे भरपाई कठीण.

अमेरिकेची मेरी केन 2013 मध्ये सतरा वर्षांची असताना जागतिक स्पर्धेत धावली. नंतर वजन उतरवण्याच्या दबावाखाली तीन वर्षं पाळी थांबली आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं. पाळी थांबली म्हणजे सराव जोरात चाललाय, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते. तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जा. अम्मीला सांगा. अब्बूंनाही कळलं तर काही बिघडत नाही.

मुलांनो, हसू नका. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर पाच आठवड्यांच्या आत वजन उतरवताना मेले. तापवलेली खोली, रबरी कपडे, पाणी बंद. पॅरिसमध्ये 2024 ला विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी बाद झाली, ती तर अनुभवी, प्रौढ खेळाडू. वाढत्या वयाच्या पोराने खालच्या गटासाठी उपाशी राहण्यापेक्षा वरच्या गटात हरलेलं बरं.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. म्हणून एक खात्रीने सांगतो: मोबाइलवर बीएमआय काढणारं ॲप म्हणजे एक भागाकार. त्याने वय आणि मुलगा की मुलगी हे विचारलं नसेल, तर त्याचं उत्तर तुमच्यासाठी नाही. बालरोगतज्ज्ञांकडे 5 ते 18 वयासाठीचे भारतीय तक्ते असतात. एका दिवसाचा आकडा सोडा, काही महिन्यांची रेघ बघा.

आता रमजान. बालिग झाल्यावर रोजे फर्ज होतात, म्हणजे नेमके याच वाढीच्या वर्षांत. जोराचा सराव इफ्तारनंतर ठेवा, सहरी चुकवू नका, प्रशिक्षकांना आधीच सांगा. आजारी आणि प्रवासी यांना सवलत कुरआननेच दिली आहे. आणि पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी मुली स्वयंपाकघरात लपून दोन घास खातात, किंवा कुणी बघेल म्हणून खातच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. त्या दिवसांत तिला सगळ्यांसमोर ताट वाढा. नाचणीची भाकरी, डाळ, अंडं, परवडेल तेव्हा खिमा किंवा कलेजी, वर लिंबू. चहा जेवणानंतर लगेच नको, तासाभराने द्या. प्रोटीन पावडरचे पैसे वाचवा आणि त्यात चांगले बूट घ्या.