कर्नेलमधील अधिकारपत्रें

हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगांवचा दुकानदार अँड्रॉइड फोनवर पैसे स्वीकारतो, तेव्हां त्या फोनच्या मुळाशीं लिनक्स नांवाचें कर्नेल राबत असतें. प्रत्येक ॲपला निराळा ओळखक्रमांक मिळतो. म्हणूनच खेळाच्या ॲपला बँकेच्या ॲपची खासगी फाइल सहसा उघडतां येत नाहीं.

कर्नेलमधील प्रत्येक कार्याजवळ एक अधिकारपत्र असतें. त्यांत धन्याचा क्रमांक, गटांचे क्रमांक व विशेष अधिकार नमूद असतात. शून्य क्रमांकाचा धनी सर्वाधिकारी; चोराची सारी धडपड या शून्यासाठींच!

कर्नेलचे अनेक भाग एकाच वेळीं हें पत्र वाचीत असतात. म्हणून २००९ सालच्या २.६.२९ या आवृत्तीपासून तें जागच्या जागीं खोडावयाचें नाहीं, असा नियम झाला. प्रथम नक्कल करावी, तींत बदल करावा, मग ती एकदम लागू करावी. तलाठ्याच्या दप्तरांतही फेरफार प्रमाणित झाल्यावांचून सातबारा बदलत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. अर्धें जुनें, अर्धें नवें पत्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. शिवाय ज्याचें पत्र त्यानेंच बदलावें; दुसऱ्याच्या पत्रास हात लावण्याची मुभा नाहीं.

उघडलेल्या फाइलीस मात्र उघडतेवेळचेंच पत्र जोडलेलें राहतें. उघडणारानें मागाहून अधिकार सोडले तरीही.