आपल्या गृहसंस्थेचें दप्तर



बाजारांत साधें मडकें घेतांना आपण तें वाजवून घेतों. परंतु ज्या घरासाठीं आयुष्याची पुंजी ओतली, त्या घराखालची जमीन आज कोणाच्या नांवावर आहे, असा प्रश्न शहरांतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारून पाहा. बहुधा उत्तर येईल, "सोसायटीच्याच असेल कीं!" हें जें 'असेल' आहे, त्याविषयीं आज मी बोलणार आहें. या 'असेल'च्या जागीं 'आहे' किंवा 'नाहीं' असें निश्चित उत्तर मिळवितां येतें, आणि तें मिळविण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. आपल्या गृहसंस्थेचा बहुतेक इतिहास सार्वजनिक दप्तरांत लिहिलेला असतो. कोणतें दप्तर कोठें आहे आणि तें पाहण्याचा अधिकार कोणास आहे, एवढें मात्र ठाऊक असावें लागतें.

सहकारी घरांची कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०४ च्या कायद्यानें केवळ पतपेढ्यांनाच सहकाराचें दार उघडलें होतें. १९१२ च्या कायद्यानें तें इतर संस्थांनाही मोकळें झालें; आणि तीनच वर्षांनीं, १९१५ सालीं, मुंबईस गांवदेवी भागांत रावबहादुर श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आज अशा संस्थांना १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू आहे, आणि २०१९ सालीं त्यांत गृहनिर्माण संस्थांसाठीं एक स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. संस्था एकदां नोंदली गेली, म्हणजे ती चार शेजाऱ्यांची खाजगी बैठक राहत नाहीं. ती कायद्यानें जन्मास आलेली एक व्यक्ति होते. आणि कोणत्याही व्यक्तीप्रमाणें तिच्याही जन्माचे, मिळकतीचे व व्यवहाराचे दाखले ठिकठिकाणीं राहतात.

पहिलें ठिकाण म्हणजे संस्थेचें स्वतःचें कार्यालय. तें पुष्कळदां चिटणिसांच्या घरांतील एका कपाटाएवढेंच असतें, ही गोष्ट निराळी! सभासदास तेथें उपविधि, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोटा-पत्रक, समितीच्या सदस्यांची यादी, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचीं व समितीच्या सभांचीं इतिवृत्तें, तसेंच स्वतःच्या खात्याच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा कायदेशीर अधिकार आहे. लेखी मागणी करून ठरलेली फी भरल्यास नकलाही मिळतात. चिटणीस त्या देतात तेव्हां ते मेहेरबानी करीत नसून कर्तव्य करीत असतात. परंतु आपली मागणी लेखी व नेमकी असली, म्हणजे तें कर्तव्य त्यांना सोपें जातें. "सगळे कागद दाखवा" असें न म्हणतां "गेल्या तीन वर्षांचीं वार्षिक सभांचीं इतिवृत्तें पाहावयाचीं आहेत" असें म्हणावें.

मात्र हा अधिकार सभासदाचा आहे. जो अद्याप घर घेणार आहे, त्यानें कोठें जावें? त्याच्यासाठीं दुसरें ठिकाण आहे, तें दुय्यम निबंधकांच्या कचेरींतील. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार तेथें निरनिराळीं पुस्तकें ठेवलेलीं असतात. स्थावर मिळकतीचे दस्त पहिल्या पुस्तकांत नोंदले जातात, आणि हें पुस्तक व त्याच्या सूची फी भरणाऱ्या कोणाही माणसास पाहतां येतात. मृत्युपत्रांचें तिसरें पुस्तक मात्र असें सर्वांना खुलें नसतें. तें योग्यच होय. आपल्या उपयोगाची ती 'सूची क्रमांक दोन'. तींत मिळकतीचें वर्णन, देणार-घेणार यांचीं नांवें, किंमत आणि नोंदणीची तारीख हीं एका पानावर येतात. एखादी सदनिका पूर्वीं कोणी कोणास विकली, हें या सूचीवरून कळतें. अलीकडच्या दस्तांची सूची आतां संगणकाच्या पडद्यावर घरबसल्याही पाहतां येते. जुन्या दस्तांसाठीं मात्र कचेरीचा जिना चढावा लागतो.

तिसरें ठिकाण नगर भूमापन कार्यालय. येथें मिळकत पत्रिका मिळते; जेथें नगर भूमापन झालेलें नाहीं, तेथें सात-बाराचा उतारा पाहावा लागतो. पत्रिकेवर जमिनीचें क्षेत्र, सत्ताप्रकार, धारकाचें नांव आणि वेळोवेळीं झालेले फेरफार असतात. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. सभासदांनीं सदनिकांचे पैसे चुकते केले, संस्था नोंदली गेली, वर्षानुवर्षें मालमत्ताकर भरला. तरी धारकाच्या रकान्यांत अजून मूळ जमीनमालकाचें किंवा बांधकाम करणाराचें नांव असणें, ही गोष्ट आपल्या शहरांत मुळींच दुर्मिळ नाहीं. सरकार, म्हाडा किंवा सिडको यांच्या जमिनीवरील संस्थांची गोष्ट वेगळी. तेथें भाडेपट्टा व त्याची मुदत पाहावी लागते.

चौथें ठिकाण महानगरपालिका अथवा नगरपालिका. मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद तेथील. ते न पाहिल्यास काय होतें, याचें कठोर उदाहरण म्हणजे मुंबईंतील वरळीच्या कॅम्पा कोला आवारांतील इमारती. १९८० च्या दशकांत तेथें मंजूर नकाशांहून कितीतरी अधिक मजले चढविण्यांत आले; एक इमारत तर वीस मजल्यांची झाली. माणसें राहावयास आलीं, मुलें वाढलीं, म्हातारपण आलें. आणि २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वरचे मजले बेकायदेशीर ठरविणारा निर्णय कायम केला. पैसे खरे मोजले होते, परंतु घराखालचा कागद खरा नव्हता. मंजूर नकाशांतील मजले आणि डोळ्यांपुढील मजले मोजून ताडून पाहणें, एवढेंच काम होतें. पण घर घेण्याच्या आनंदांत तें कोणास सुचतें? नव्या प्रकल्पांपुरतें हें काम आतां सोपें झालें आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें महाराष्ट्रांत मे २०१७ पासून महारेरा हें प्राधिकरण कार्य करीत असून, नोंदलेल्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे, जमिनीच्या हक्काचा अहवाल व तिच्यावरील बोजे यांची माहिती तेथें कोणासही पाहतां येते.

पांचवें ठिकाण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचें कार्यालय. दुय्यम निबंधक आणि उपनिबंधक या दोघांच्या नांवांनीं पुष्कळांचा गोंधळ होतो. एक दस्तांची नोंद करणारा, तर दुसरा संस्थांची नोंद करून त्यांवर देखरेख ठेवणारा, एवढें ध्यानांत ठेवावें. संस्थेचें नोंदणीपत्र, मंजूर उपविधि, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि त्यांतील दोष दुरुस्त केल्याचा 'ओ' नमुन्यांतील अहवाल या कार्यालयाकडे यावयाचा असतो. मग हे कागद माहितीच्या अधिकाराखालीं मागतां येतात काय? सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील थलप्पलम येथील सहकारी बँकेच्या प्रकरणांत ऑक्टोबर २०१३ मध्यें याचा निर्णय दिला. केवळ सहकारी कायद्याखालीं नोंदली गेली म्हणून संस्था स्वतः 'सार्वजनिक प्राधिकरण' होत नाहीं. परंतु निबंधक हा तसा प्राधिकारी आहे, आणि कायद्यानें जी माहिती त्याला संस्थेकडून मिळवितां येते, ती त्याच्याकडे मागतां येते. म्हणून अर्ज चिटणिसांच्या नांवें न करतां उपनिबंधकांच्या कार्यालयांतील माहिती अधिकाऱ्याच्या नांवें करावा. शुल्क दहा रुपये. एका अर्जांत विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आंत. आणि उत्तराची मुदत सामान्यतः तीस दिवस. दुसऱ्याच्या खाजगी आयुष्याची चौकशी करण्याचा मात्र हा मार्ग नव्हे.

हीं पांच ठिकाणें मीं एकामागून एक सांगितलीं, तीं पांडित्यासाठीं नव्हेत. एक वेळ अशी येते कीं हे सर्व कागद एकत्र लागतात. इमारत जुनी होते, गिलावा पडूं लागतो, पुनर्विकासाची भाषा सुरू होते. आणि तेव्हां कळतें कीं जमीन संस्थेच्या नांवावर नाहीं. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यान्वयें केलेल्या नियमांप्रमाणें संस्था स्थापन झाल्यावर, करारांत दुसरी मुदत ठरलेली नसल्यास, चार महिन्यांच्या आंत जमिनीचें अभिहस्तांतरण करून देणें हें बांधणाराचें काम. तें त्यानें केलें नाहीं, किंवा तो हयातच नाहीं, तर काय? २००८ च्या दुरुस्तीनें यावर उपाय दिला. संस्थेनें जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठीं अर्ज करावा. ते दोन्ही पक्षांचें ऐकून घेऊन आदेश देतात, आणि त्यावरून दस्त नोंदवून मिळकत पत्रिकेवर संस्थेचें नांव लावतां येतें. या अर्जासोबत काय लागतें तें पाहा: संस्थेचें नोंदणीपत्र, सभासदांची यादी, प्रत्येक सदनिकेची सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा. ज्या संस्थेनें हे कागद वेळींच गोळा केले, तिचा मार्ग बराच सुकर होतो. जिनें केले नाहींत, तिच्या सभासदांना उतारवयांत, घर पडावयास आलें असतांना, पांच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. जुने करारनामे तोंवर हरवलेले असतात, आणि ज्यांना ठाऊक होतें तीं माणसेंही गेलेलीं असतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या वार्षिक सभेंत एक ठराव मांडावा: संस्थेच्या मिळकत पत्रिकेची ताजी प्रमाणित नक्कल आणावी, ती सभेंत मोठ्यानें वाचावी, आणि वरील सर्व कागदांचा एक संच करून त्याची सूची प्रत्येक सभासदास द्यावी. या कामास संशयाचा वास नसावा. हिशोब पाहणें म्हणजे चिटणिसांस चोर ठरविणें नव्हे. जे चिटणीस वर्षानुवर्षें बिनपगारी राबतात, त्यांच्या प्रामाणिकपणाचा साक्षीदारही अखेर हें दप्तरच असतें. एकत्र राहणें म्हणजे एक जिना व एक पाण्याची टांकी वांटून घेणें एवढेंच नव्हे. आपण ज्या भूमीवर उभे आहोंत तिच्याविषयींचें ज्ञानही सर्वांच्या मालकीचें असलें पाहिजे. दारें उघडींच आहेत. आंत जाऊन विचारणें तेवढें आपल्याकडे आहे.