मांजराच्या जेवणातले पाणी
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज मी मांजराविषयी बोलणार आहे. हसू नका. गाईबैलांविषयी बोललो असतो तर कोणी हसले नसते. पण कणगीतले भात उंदराने खाल्ले, पडवीत ठेवलेले जाळे उंदराने कुरतडले, की मांजराची आठवण सगळ्यांना होते. आपल्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोचा ताप येतो. तोही उंदरांच्या लघवीतून पसरतो. एकटे मांजर हा ताप थांबवील असे मी म्हणत नाही. पण घरात उंदीर कमी झालेले बरेच की! तेव्हा मांजर हे आपल्या घरचे कामकरी जनावर आहे. त्याला आपण काय खायला घालतो, हे जरा बघू या.

तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. कुत्रा धावून आला की वाटीभर पाणी लपालपा पितो. गाय बादली रिकामी करते. मांजर मात्र पाण्याला जीभ लावते न लावते आणि निघून जाते. असे का? तर त्याचे मूळ वाळवंटातले आहे. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया या कोरड्या मुलखांत एक रानमांजर राहते. आपली घरची मांजरे हजारो वर्षांपूर्वी त्या रानमांजरापासून झाली. त्या मुलखात प्यायला पाणी कुठले? त्या मांजराला पाणी मिळे ते शिकारीतून. उंदराच्या अंगात शंभरात सुमारे सत्तर भाग पाणीच असते. उंदीर खाल्ला की जेवण झाले, आणि पाणीही झाले. म्हणून मांजराला तहान फार लागत नाही. पाणी वाचवायला त्याची मूत्रपिंडे लघवी घट्ट करतात. मांजराची लघवी इतकी उग्र वासाची का, याचे हेही एक कारण आहे.

आता हिशेब करा. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळे मिळून सुमारे २०० मिलीलिटर पाणी लागते. म्हणजे साधारण एक पेलाभर. ताजी मासळी २०० ग्रॅम खाल्ली, तर तिच्यातूनच १४० मिलीलिटर पाणी पोटात गेले. उरलेले थोडे ते वाटीतले पिते. पण बाजारात मांजराचे कोरडे दाणे मिळतात. त्यांत शंभरात दहा भागांच्या आसपास पाणी असते. दाणे ६० ग्रॅम खाल्ले, तर पाणी सहा मिलीलिटर. म्हणजे एक चमचाभर! मग मांजर पाणी जास्त पिते, नाही असे नाही. पण तूट काही भरून निघत नाही.

तूट राहिली म्हणजे काय होते? आपल्या वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला मिठागरे. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, हे तुम्ही ऐकले असेल. मिठागरात काय करतात? समुद्राचे पाणी वाफ्यांत घेतात. पाण्यात मीठ असते, पण दिसत नाही. ऊन लागून पाणी आटते. मग वाफ्यात मिठाचे कण दिसू लागतात. मांजराच्या मूत्राशयात असेच घडते. लघवीत निरनिराळे क्षार असतात. लघवी पातळ असली तर ते विरघळून बाहेर जातात. लघवी घट्ट झाली, ती तासन् तास साठून राहिली, की त्यांचे कण होतात. कण वाढले की खडे होतात.

मांजरी आणि बोका यांत इथे मोठा फरक आहे. मांजरीची लघवीची नळी आखूड आणि रुंद असते. बोक्याची लांब, आणि टोकाशी फार अरुंद. बारीक वाळूसारखे कण आणि आतला चिकट स्राव यांचा बूच तिथे बसतो. आणि लघवी बंद!

आमच्या वाडीत एका बाईचा बोका होता. पांढरा, अंगाने भारी. घरातून फारसा बाहेर जात नसे. मी तेव्हा मुंबईला मुलाकडे गेलो होतो. परत आलो तो ही बाई भेटली. मला म्हणाली, "मास्तरांनू, माझो बोको गेलो. राखेत जाऊन बसा नि उठा. बसा नि उठा. आमका वाटला, पोट साफ होणा नाय." घरच्यांनी त्याला एरंडेल पाजले. दुसऱ्या दिवशी तो ओकू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

मी तालुक्याच्या पशुवैद्यांना हे सांगितले. ते म्हणाले, पोट साफ होत नव्हते असे नाही, लघवी अडली होती. लघवी अडली की अंगातले विष बाहेर जात नाही. ते रक्तात साठते. पोटॅशियम नावाचा क्षार रक्तात वाढतो आणि हृदय बंद पडते. बोका दोन-तीन दिवसांत मरतो. कधी त्याच्याही आधी.

म्हणून नीट ऐका. बोका घडीघडी बसतो, कुंथतो, आणि जमिनीवर थेंब पडतो किंवा काहीच पडत नाही. ओरडतो. मागची जागा सारखी चाटतो. लघवीत रक्त दिसते. भलत्याच ठिकाणी, कधी अंथरुणावरही, बसतो. यांतले काही दिसले तर शौचाचा विचार बाजूला ठेवा आणि लघवी होते की नाही ते आधी बघा. होत नसेल, तर उद्या बघू म्हणू नका. टोपलीत घाला, वर दुसरी टोपली बांधा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. डॉक्टर त्याला गुंगी देऊन बारीक नळी घालतात आणि वाट मोकळी करतात. पोट घट्ट लागले तरी घरी दाबून बघू नका. मूत्राशय फुटू शकते. आणि आपली पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नका. तिचा लहान तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो.

आणखी एक. आपल्याकडे माणसाला मुतखडा झाला की कुळथाचे पाणी देतात. ते माणसाचे औषध. मांजर हे मांस खाणारे जनावर. त्याला कुळीथ पाजून खडा जात नाही, आणि दवाखान्यात जायचा दिवस मात्र फुकट जातो. कोणी म्हणेल, कोकमाचे आगळ द्या, आंबटाने खडा विरघळेल. तेही नको. मांजरांत मुख्यतः दोन जातींचे खडे होतात. एक जात लघवी आंबट झाली की विरघळते. दुसरी काही केल्या विरघळत नाही, उलट आंबट लघवीत ती जास्त धरते. अमेरिकेत हे घडून गेले आहे. पहिल्या जातीचे खडे फार होत, म्हणून कारखान्यांनी मांजरांच्या खाण्यातला मॅग्नेशियम हा क्षार कमी केला आणि लघवी आंबट होईल असे खाणे केले. ते खडे कमी झाले, पण दुसऱ्या जातीचे वाढले! मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून जनावरांचे खडे तपासतात. तिथल्या नोंदींत हा फरक दिसून आला. तेव्हा खड्यावरचे खास खाणे द्यायचे ते डॉक्टरांनी लघवी तपासल्यावर, ते सांगतील तेच.

आता घरी काय करायचे?

आपण मालवणी माणसे पेजेवर वाढलो. मांजरालाही पेज द्या, पण मासळीची. पेडवे, तारली, बांगड्याचा तुकडा, जे स्वस्त असेल ते घ्या. मीठ, मसाला, कांदा, लसूण यांतले काही घालू नका. कांदा-लसणाने मांजराचे रक्त बिघडते. म्हणून आपल्या कालवणात कालवलेला भात त्याला नको. मासळी साध्या पाण्यात शिजवा आणि काटे काढा. शिजवलेले पाणी मात्र ओतू नका! ते थंड करून त्यातच मासळी कुसकरून द्या. मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला टॉरीन नावाचे सत्त्व लागते. ते मांसात आणि मासळीत असते, भातात नसते. शिजवताना ते थोडे पाण्यात उतरते. म्हणून ते पाणी दुहेरी कामाचे. भात घालायचाच तर चिमूटभर. आपण उलटे करतो. भाताचा गोळा मोठा आणि वर माशाचे डोके!

रोज नुसती मासळीही बरी नव्हे. अधूनमधून कोंबडीचे मांस, उकडलेले अंडे, थोडीशी कलेजी द्यावी. उंदीर धरणाऱ्या मांजराला हा फेरपालट आपोआप मिळतो. घरात बसून असणारे, खच्ची केलेले, लठ्ठ बोके लवकर आजारी पडतात. त्यांना मोजून द्या. मात्र बारीक करायचे म्हणून उपाशी ठेवू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिले तर त्याचे यकृत बिघडते. खाणे बदलायचे तेही एकदम बदलू नका. आठ-दहा दिवस जुन्यात नवे मिसळत जा.

पाण्याची वाटी जेवणाजवळ ठेवू नका. दोन-तीन ठिकाणी ठेवा. रुंद, पसरट भांडे घ्या. करवंटी कलंडते. पाणी रोज बदला. दूध म्हणजे पाणी नव्हे. पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि ढाळ लागतात. जागेची सोयही बघा. घमेल्यात कोरडी वाळू घालून कोपऱ्यात ठेवा. आपल्याला वाळूची काय वाण! रोज सकाळी बघितले की वाळूचे लगदे किती झाले ते कळते. नेहमी तीन होत, आज एकही नाही, तर सावध व्हा.

खड्याशिवायही हा त्रास होतो, हे पशुवैद्यांनी मला मुद्दाम सांगितले. पुष्कळ मांजरांत तपासणी केली तर खडा सापडत नाही. मूत्राशय आतून सुजलेले असते. भीती आणि गडबड यांनी ते वाढते. गणपतीत घरात वीस माणसे, फटाके, भजने. मांजर माळ्यावर जाऊन बसते, जेवत नाही, लघवी धरून ठेवते. त्याची वाटी आणि घमेले त्या दिवसांत शांत खोलीत हलवावे.

गणपतीत आणखी एक होते. चाकरमानी मुंबईहून येताना मांजरासाठी कोरड्या दाण्यांची पिशवी आणतात. प्रेमाने आणतात, त्यांना नावे ठेवू नका. दाणे फेकूही नका. पण दाणे तेवढेच पाणी घालून अर्धा तास भिजवा आणि मग द्या. उरलेले भिजके दाणे दिवसभर ठेवू नका, ते आंबतात. ओल्या खाण्याच्या पुड्याही शहरात मिळतात. परवडत असतील तर त्या बऱ्या, कारण त्यांत शंभरात पाऊणशेहून अधिक भाग पाणी असते.

खरी अडचण जून-जुलैची. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मासेमारीला बंदी, ताजी मासळी महाग. मग आपल्याबरोबर मांजरही सुक्या मासळीवर येते. सुकी मासळी म्हणजे पाणी काढून टाकलेली मासळी, आणि वर मीठ लावलेले. ती तशीच देऊ नका. रात्री भिजत घाला. सकाळी ते खारे पाणी ओतून टाका. पुन्हा नव्या पाण्यात दोन तास ठेवा, तेही ओता. मग भरपूर साध्या पाण्यात शिजवा आणि बोटाने चाखून बघा. आपल्या जिभेला खारट लागली, तर आणखी एकदा पाणी बदला. खाडीतले, नदीतले मासे, कोंबडीची पोटे, अंडी यांची तेवढे दोन महिने जोड द्या.

आणखी कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. मी इथेच बसलो आहे.