‘बोन’ला रंग चढला तेव्हा

पाठीशी प्रकाशक नसतानाही चित्रकथा वाचकांपर्यंत नेता येते. अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे जेफ स्मिथ यांनी 1991 साली ‘बोन’ ही चित्रकथा स्वतःच छापायला घेतली. कथा, चित्रं, शाईकाम सगळं त्यांचंच. व्यवसायाची बाजू पत्नी विजया अय्यर यांनी सांभाळली. 2004 पर्यंत 55 अंक निघाले, तेही कृष्णधवल. रंगीत छपाईचा खर्च एकट्या चित्रकाराला सहसा पेलत नाहीच.

रंग आला 2005 पासून, स्कोलास्टिक या प्रकाशनसंस्थेच्या आवृत्त्यांमध्ये. तो भरला स्टीव्ह हमाकर यांनी. काम मोठं नाजूक, कारण स्मिथ यांची कुंचल्याची रेष स्वतःच इतकं बोलते! जिथं रेषेनं सावली दाखवली आहे, तिथं रंगानं ती पुन्हा गिरवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

संगणकावर रंगवताना काळ्या रेषेचा थर वेगळा ठेवतात. आधी चेहरा, कपडे, आभाळ यांत सपाट रंग भरायचे, उजेड-सावली नंतर. रंग रेषेच्या कडेशी थांबवायचा नाही, थोडा रेषेखाली सरकवायचा. नाहीतर छापताना कागद केसभर हलला, तरी पांढरी फट दिसते. शिवाय पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा हिरवा कागदावर हमखास मंद उतरतो.

तेव्हा नवोदित चित्रकारांनो, अख्खं पुस्तक रंगवण्याआधी एक पान पूर्ण करा आणि छापखान्यातून त्याचा नमुना काढून घ्या.