बहिणाबाईंचे नाणे कसे असावे?

(जळगाव येथील भाषणाचा संपादित अंश)



जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या जन्मास २०३० मध्ये दीडशे वर्षे पूर्ण होतील. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या विद्यापीठास २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. आता त्यांच्या स्मरणार्थ नाणे निघावे, अशी अपेक्षा खानदेशाने बाळगणे स्वाभाविक आहे. तथापि, नाणे मागण्यापूर्वी ते कसे असावे याचा विचारही आपणच केला पाहिजे.

नाणी काढण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे. १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे निघाले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९९०), संत ज्ञानेश्वर व छत्रपती शिवाजी महाराज (१९९९) आणि संत तुकाराम (२००२) यांची नाणी निघाली. नाण्याच्या एका बाजूस सिंहमुद्रा, ‘सत्यमेव जयते’ हे वचन व मूल्य असते. दुसरी बाजू स्मरणीय व्यक्तीची. चलनातील नाण्यावर कलावंतास मिळते ते जेमतेम अडीच सेंटिमीटरचे वर्तुळ. तेथे बारीक रेषा वापराने झिजतात आणि चित्रांची गर्दी केल्यास काहीच ओळखू येत नाही.

मग या वर्तुळात काय असावे? डोक्यावर पदर घेतलेली बहिणाबाईंची मुद्रा सर्वपरिचित आहे; ती असावीच. परंतु थोर साहित्यिक म्हटले की हाती लेखणी वा पुस्तक देण्याची जी प्रथा आहे, ती येथे कटाक्षाने टाळावी. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, घरात दळताना त्यांना काव्य स्फुरले. इतरांनी ते टिपून घेतले म्हणून टिकले. १९५१ साली त्यांचे निधन झाले व १९५२ साली, पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नाने, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांच्या मुद्रेशेजारी शोभेल ते जाते. त्याची गोल तळी व उभा खुंटा मोजक्या रेषांत उठून दिसतात आणि अक्षरशत्रू माणसासही तत्काळ ओळखू येतात.

लेखाविषयीही दक्षता हवी. केवळ ‘बहिणाबाई’ असे कोरल्यास तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांच्याशी घोटाळा होईल. म्हणून ‘बहिणाबाई चौधरी’ असे पूर्ण नावच हवे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अलीकडे शंभर रुपयांची स्मारक नाणी निघतात. ते नाणे संग्राहकाच्या पेटीत जाते. बाजारात फिरत नाही. कापूस वेचणाऱ्या भगिनीच्या हाती ते कधीच पडणार नाही. २०१५ साली डॉ. आंबेडकरांच्या स्मरणार्थ १२५ रुपयांच्या नाण्यासोबत दहा रुपयांचेही नाणे निघाले होते. खानदेशाने हाच दाखला पुढे ठेवून चलनातील नाण्याचा आग्रह धरावा.

विद्यापीठ, साहित्यसंस्था व लोकप्रतिनिधी यांनी एकत्र बसून आराखड्यासह प्रस्ताव तयार करावा. मजुरीच्या पैशांत आलेले नाणे हातात धरून एखादी शेतमजूर स्त्री ‘ही आपली बहिणाबाई’ असे म्हणू शकली, तरच ते स्मारक सार्थ होईल.